कारागृहातून परतलेल्या महिलांचे नेतृत्व प्रशिक्षण

कारागृहातून परतलेल्या महिलांचे नेतृत्व प्रशिक्षण म्हणजे शिक्षा भोगून, जामिनावर किंवा निर्दोष सुटून घरी आलेल्या महिलांना कुटुंबात, बचत गटात, ग्रामसभेत व सार्वजनिक कामात स्वतःचे म्हणणे मांडण्यास, निर्णयात भाग घेण्यास आणि इतरांचे प्रतिनिधित्व करण्यास समर्थ करणारी शिक्षणप्रक्रिया होय. महाराष्ट्रात हे काम एका छत्राखाली चालत नाही. त्याचे धागे कारागृह व सुधारसेवा विभाग, विधी सेवा प्राधिकरणे, महिला व बालविकास विभाग, ग्रामीण जीवनोन्नती अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’सारख्या प्रकल्पांत विखुरलेले आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कायदे व संस्थांच्या आधारे या विषयाची माहिती दिली असून, परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या ग्रामीण तालुक्यात परतणाऱ्या महिलेला कोणत्या वाटेने जावे लागते, याचे विशेष विवेचन केले आहे.

## संकल्पना व संज्ञा

कारागृह प्रशासनाच्या भाषेत ‘कैदी’ ऐवजी ‘बंदी’ हा शब्द वापरला जातो. खटल्याचा निकाल लागायचा आहे तो ‘न्यायाधीन बंदी’ (लोकभाषेत कच्चा कैदी) आणि दोष सिद्ध होऊन शिक्षा भोगत असलेला तो ‘सिद्धदोष बंदी’ (पक्का कैदी). हा भेद या विषयात फार महत्त्वाचा आहे. भारतातील कारागृहांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन असतात. म्हणजे तुरुंगातून गावी परतणाऱ्या अनेक महिलांवर कोणताही दोष सिद्ध झालेला नसतो. काहींची पुढे निर्दोष मुक्तताही होते. गाव मात्र हा भेद सहसा करीत नाही. ‘आत जाऊन आलेली’ एवढी एकच ओळख उरते.

बंद्यांच्या पुनर्वसनाचा रूढ अर्थ एखादी कला शिकवणे आणि तिचे साधन हाती देणे असा राहिला आहे. महिलांच्या बाबतीत ते साधन बहुधा शिवणयंत्र असते. त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही, परंतु गावात कोणी कपडे शिवायला टाकत नसेल, तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते. गिऱ्हाईक येण्यापूर्वी विश्वास यावा लागतो आणि तो मिळवण्यासाठी लोकांत बसता, बोलता आणि हिशेब देता यावे लागते. नेतृत्व प्रशिक्षणाचा विचार या ठिकाणी सुरू होतो. येथे नेतृत्व म्हणजे निवडणूक लढवणे एवढेच अभिप्रेत नाही. शिधापत्रिकेत नाव पुन्हा घालण्यासाठी तहसील कार्यालयात स्वतः अर्ज देणे, शाळेत मुलाच्या नावापुढे पालक म्हणून सही करणे, गटाच्या बैठकीत वहीवरची चूक दाखवून देणे ही त्याची पहिली रूपे होत.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्त्री, तुरुंग आणि नेतृत्व यांचा संबंध नवा नाही. १९३० व १९३२ च्या सविनय कायदेभंगात आणि १९४२ च्या आंदोलनात अनेक स्त्रियांनी येरवडा व अन्य कारागृहांत शिक्षा भोगल्या. सरोजिनी नायडू या येरवड्यात बंदी होत्या. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन होईपर्यंत चाललेल्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातील स्त्रियांनीही भाग घेतला. पुढे आणीबाणीत (१९७५–७७) मृणाल गोरे व दुर्गा भागवत यांना तुरुंगवास घडला. मृणाल गोरे १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या.

या परंपरेत तुरुंगवास हा मानाचा होता. त्यातून परतलेल्या स्त्रीचे स्वागत होत असे आणि तिचा शब्द अधिक वजनदार ठरत असे. चोरी, मारहाण, दारूविक्री, हुंडाबळी किंवा खून अशा आरोपांखाली आत गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला यातले काही येत नाही. एकाच भिंतीआड राहिलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीच्या नावाने सभागृह उभे राहते आणि दुसरीला भाड्याने खोली मिळत नाही. सामान्य महिला बंद्यांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येण्यास त्यामुळे बराच विलंब झाला.

त्या चर्चेला मुंबईतील एका प्रकरणाने वळण दिले. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले. मुंबईतील निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन महिलांशी बोलण्यास व अहवाल देण्यास सांगण्यात आले. १९८३ च्या निकालात महिलांसाठी स्वतंत्र पोलीस कोठड्या, तेथे महिला पहारेकरी, महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी आणि अटकेनंतर विधी साहाय्याची सोय यांविषयी निर्देश देण्यात आले. कारागृहाच्या आत समाजकार्यकर्त्यांना स्थान आहे, ही गोष्टही या निमित्ताने ठसली.

न्या. आनंद नारायण मुल्ला समितीने १९८३ मध्ये तुरुंग सुधारणांविषयीचा अहवाल दिला. महिला बंद्यांसाठी न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र राष्ट्रीय तज्ज्ञ समिती १९८६ मध्ये नेमण्यात आली व तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आईसोबत कारागृहात राहणाऱ्या मुलांचे आहार, आरोग्य व शिक्षण यांविषयी नियम घालून दिले. असे मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आईजवळ राहू शकते. त्यानंतर त्याला नातेवाईकांकडे किंवा संस्थेत ठेवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेल्या सत्तर ‘बँकॉक नियमां’पैकी पंचेचाळीस ते सत्तेचाळीस क्रमांकाचे नियम सुटकेच्या तयारीविषयी आहेत. महिलांना रजा, खुली कारागृहे व मध्यंतर निवास यांचा शक्य तितका लाभ द्यावा आणि सुटकेनंतरही मदत चालू ठेवावी, असे ते सांगतात.

## कारागृहातील जीवन आणि जबाबदारीचे अनुभव

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी महिला जेमतेम चार टक्के होत्या. संख्या थोडी असल्यामुळे स्वतंत्र महिला कारागृहेही थोडीच आहेत. महाराष्ट्रात मुंबईतील भायखळा आणि पुण्यातील येरवडा येथील महिला कारागृहे प्रमुख असून, येरवड्यात महिलांसाठी खुले कारागृहही आहे. बाकी ठिकाणी पुरुषांच्या कारागृहातच महिलांचा वेगळा विभाग असतो. परिणामी दूरच्या तालुक्यातील महिला आपल्या माणसांपासून फार लांब राहते. जिंतूरच्या एखाद्या खेड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात भेटीला जाऊन येण्यात मजुराचा एक दिवस मोडतो आणि येरवड्याला जाण्यात दोन दिवसही अपुरे पडतात. पुरुष आत असेल तर आई किंवा बायको भेटीला जाते. स्त्री आत असेल तर भेटीला येणारे हळूहळू थांबतात. महिला बंद्यांबरोबर काम करणाऱ्यांचे हे सार्वत्रिक निरीक्षण आहे.

ज्याला नेतृत्वाचा अनुभव म्हणता येईल, अशा काही जबाबदाऱ्या कारागृहातच मिळतात. १८९४ च्या तुरुंग अधिनियमापासून सिद्धदोष बंद्यांमधूनच पहारेकरी किंवा वॉर्डर नेमण्याची पद्धत आहे. या कामात शिस्त व जोखीम सांभाळण्याचे शिक्षण मिळते खरे, पण ती वरून मिळालेली सत्ता असते आणि तिच्यामुळे बंद्यांमध्येच चढउतार निर्माण होतो. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीचा अनुभव त्याहून वेगळा असतो. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत बंद्यांच्या पंचायतीची कल्पना आहे. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९३ ते १९९५ या काळात महानिरीक्षक किरण बेदी यांनी अशा पंचायतींना चालना दिली होती. स्वयंपाक, स्वच्छता, तंटे, वाचनालय यांचे काम पंचायतीने पाहावे, अशी त्यामागील भूमिका होती. बाहेर पडल्यावर उपयोगी पडणारे कौशल्य या दुसऱ्या प्रकारातून अधिक मिळते.

तिसरा मार्ग विधी साहाय्याचा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेनुसार दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, शिकलेल्या व चांगल्या वर्तणुकीच्या बंद्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण देता येते. अशी महिला इतरांचे अर्ज लिहिते, पुढील तारखा समजावून सांगते, वकील न मिळालेल्यांची नावे कार्यालयाला कळवते. अंगठा लावणाऱ्या बाईचा जामीनअर्ज लिहून देणारी बंदिनी बाहेर आल्यावर गावातल्या निराधार योजनेचा अर्जही भरू शकते. या विषयातील प्रशिक्षकांना हातात आलेले सर्वांत तयार साहित्य बहुधा हेच असते, आणि सुटकेच्या दिवशी त्याची नोंद कोठेही पुढे जात नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्या कारागृहांतील अभ्यासकेंद्रांतून शिकलेल्यांना निदान प्रमाणपत्र तरी मिळते.

घराशी नाते टिकवण्याच्या सोयींत संचित रजा (फर्लो) व अभिवचन रजा (पॅरोल) या प्रमुख आहेत. त्यांचे नियम १९५९ चे असून वेळोवेळी सुधारलेले आहेत. ‘गळाभेट’ या उपक्रमात मुलांना काचेआडून किंवा जाळीतून न भेटता आई-वडिलांना प्रत्यक्ष भेटता येते. १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. तिच्यात बंद्याला त्याच्या कारागृहातील मजुरीच्या आधारे, जामीनदाराशिवाय, सात टक्के व्याजाने पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. कारागृहातील दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्याही आत असल्याने रक्कम मोठी वाटते, पण योजनेचे खरे मोल वेगळे आहे. आत असलेली आई मुलीच्या शाळेचा खर्च किंवा वकिलाची फी भागवू शकते आणि घरातील तिची जागा पैशाच्या व्यवहारात तरी शाबूत राहते.

## जिंतूर तालुका : परतीची वाट

जिंतूर हा परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील, डोंगराळ व बऱ्याच अंशी कोरडवाहू शेतीचा तालुका आहे. पूर्णा नदीवरील येलदरी धरण याच तालुक्यात आहे. कापूस व सोयाबीन ही मुख्य पिके असून, तांड्यांवरील व भूमिहीन कुटुंबे मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. अशा ठिकाणी परतलेल्या महिलेपुढील अडचणी शहरातल्यापेक्षा निराळ्या असतात. मुंबईत नाव न सांगता नवी वस्ती गाठता येते. खेड्यात बसमधून उतरताच ओळख पटते. दुसरीकडे, गावात शब्दाला किंमत एकदा आली की ती सर्व घरांपर्यंत पोहोचते, हा लाभही खेड्याचाच.

सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे कागदपत्रांचे असतात. अनेकींची नावे कुटुंबाच्या शिधापत्रिकेतून कमी झालेली असतात, बँक खाते निष्क्रिय झालेले असते, आधार कार्ड कोणाकडे आहे ते ठाऊक नसते. पती वारला असेल तर सातबाऱ्यावर वारस म्हणून दिराची किंवा मुलांची नावे लागलेली आढळतात. वारसाहक्काच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे : हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ नुसार खून करणारी किंवा त्यास साहाय्य करणारी व्यक्ती मृताच्या मालमत्तेची वारस होऊ शकत नाही. पण ही बंदी त्या मृताच्या मालमत्तेपुरती आणि ज्या वारसाहक्कासाठी खून झाला त्या मालमत्तेपुरतीच आहे. वडिलांच्या जमिनीतील वाटा किंवा अन्य गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विधवेचा पतीच्या मालमत्तेतील हक्क तुरुंगवासामुळे जात नाही. ‘तू जेलात गेलीस, तुझा हक्क संपला’ हे वाक्य तलाठी कार्यालयाच्या दारात ऐकू येते, ते कायद्याचे वाक्य नव्हे. नेतृत्व प्रशिक्षणाच्या पहिल्या धड्यात वारस फेरफार, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागणे आणि अर्जाची पोच घेणे या गोष्टी याव्यात, असे म्हणण्याचे कारण हेच.

निवाऱ्याचा प्रश्न लगेच उभा राहतो. सासर दार उघडत नाही आणि माहेरी भावाला बहिणींच्या लग्नाची काळजी असते. केंद्र शासनाच्या स्वाधार गृह योजनेत कुटुंबाचा आधार नसलेल्या, कारागृहातून सुटलेल्या महिलांचा लाभार्थींमध्ये स्पष्ट उल्लेख होता. ही योजना आता ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘शक्ती सदन’ या रूपात चालते. मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आई-वडील कारागृहात असलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता नातेवाईकांकडे ठेवून त्याच्या पालनासाठी दरमहा अनुदान देता येते. आई परतल्यावर मूल पुन्हा तिच्याकडे यावे की नाही, हा निर्णय मात्र अनुदानाने सुटत नाही. सहा-सात वर्षांत मूल आजीला ‘आई’ म्हणू लागलेले असते, आणि आईपण परत मिळवण्याची घाई न करणे हेही तिला शिकावे लागते.

## सार्वजनिक पदासाठीची पात्रता

कारागृहातून आलेल्या महिलेला निवडणूक लढवता येते का, हा प्रश्न प्रशिक्षणांत हटकून विचारला जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार कारागृहात असताना मतदान करता येत नाही. न्यायाधीन बंद्यांनाही हे लागू आहे. सुटकेनंतर मतदानाचा हक्क आपोआप परत वापरता येतो, यादीत नाव असणे तेवढे आवश्यक असते.

उमेदवारीचे नियम निराळे आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सहा महिने किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती सुटकेपासून पाच वर्षे ग्रामपंचायतीची सदस्य होण्यास अपात्र असते. राज्य शासन एखाद्या प्रकरणी हा कालावधी कमी करू शकते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा असल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ८ मधील, सुटकेनंतर सहा वर्षांची अपात्रता येते आणि विधानमंडळासाठीची अपात्रता संविधानाच्या अनुच्छेद २४३-एफ मुळे पंचायतींनाही लागू होते. दोष सिद्ध न झालेल्या किंवा निर्दोष सुटलेल्या महिलेला यातले कोणतेही बंधन नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने हा भेद व्यवहारात उपयोगाचा आहे.

अपात्रतेच्या काळातही ग्रामसभेचे दार बंद नसते. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद अधिनियमात आहे. तेव्हा जी महिला पाच-सहा वर्षे सदस्य होऊ शकत नाही, ती त्याच काळात पाणीपुरवठ्याचा हिशेब मागू शकते, रोजगार हमीच्या कामाची मागणी नोंदवू शकते, दारूबंदीचा ठराव मांडू शकते. पदाची वाट पाहण्यापेक्षा सभेत उभे राहण्याची सवय आधी लागणे हिताचे असते. अनेक राखीव जागांवर निवडून आलेल्या महिलांच्या नावाने घरचे पुरुष कारभार करतात, तिथे नेमकी ही सवय नसते.

## बचत गट : खरी शाळा

ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रियांच्या नेतृत्वाची शिडी बचत गटातून वर जाते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि २०११ पासून राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने (उमेद) गावोगावी गट उभे केले आहेत. साधारणपणे दहा ते वीस महिलांचा गट असतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिखित हिशेब ही त्याची पंचसूत्री. गटांचा ग्रामसंघ व ग्रामसंघांचा प्रभागसंघ होतो. गटातून पुढे आलेल्या महिला समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून दुसऱ्या गावांत जाऊन गट बांधतात.

कारागृहातून आलेल्या महिलेला गटात घेऊ नये, असा नियम नाही. घ्यायचे की नाही, हे सदस्य ठरवतात, आणि कसोटी नेमकी इथे लागते. गट परस्पर जामिनकीवर चालतो. एकीचे कर्ज थकले तर सर्वांची पत जाते. त्यामुळे नकारामागे केवळ तिरस्कार नसतो, पैशाची रास्त भीतीही असते. या भीतीला उपदेशाने उत्तर देता येत नाही. काही महिने फक्त बचत, मग छोटे कर्ज, त्याची परतफेड, मग वही लिहिण्याचे काम, असा क्रम ठेवला तर गटालाही जोखीम झेपते. वही लिहिणे हे काम दिसायला किरकोळ आहे, पण ज्या बाईवर चोरीचा आरोप होता तिच्याकडे गटाने पैशाची वही देणे याहून मोठे प्रमाणपत्र गावात दुसरे नाही. कारागृहात शिकलेले अक्षर आणि विधी स्वयंसेवक म्हणून केलेले काम इथे उपयोगी पडते.

प्रशिक्षणाच्या आशयात भाषणाच्या सरावापेक्षा ऐकण्याचा आणि न बोलण्याचा सराव अधिक लागतो, असेही आढळते. स्वतःच्या गुन्ह्याविषयी कोणी विचारले तर किती सांगायचे, कोणाला सांगायचे आणि कुठे ‘हा विषय आज नको’ म्हणायचे, हे तिने आधी ठरवलेले असावे लागते. अन्यथा प्रत्येक सभेत तिची चौकशी पुन्हा सुरू होते.

## विमुक्त जमातींमधील महिला

ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्यानंतर राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले आणि पोलिसांच्या नजरेत जुना शिक्का टिकून राहिला. मराठवाड्यातील पारधी वस्त्यांवरील महिलांचा अनुभव या इतिहासाशिवाय समजत नाही. तिथे तुरुंगात जाऊन येणे ही एका बाईची गोष्ट नसते. गावात काही चोरीला गेले की सगळ्या वस्तीची झडती होते. म्हणून इथे नेतृत्वाचा अर्थ अटकेच्या वेळी कागद मागणे, महिला पोलिसांशिवाय सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यास हरकत घेणे, विधी सेवा समितीला कळवणे असा घ्यावा लागतो.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. कारागृहांत जातीवरून कामांची वाटणी करणाऱ्या नियमपुस्तिकांतील तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या संदर्भांवर बोट ठेवले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. आत झाडू कोणाच्या हाती द्यायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीने ठरत असेल, तर तिथे जबाबदारीचे शिक्षण मिळते असे म्हणणे पोकळ ठरते.

## ‘प्रयास’ आणि अन्य प्रयत्न

‘प्रयास’ हा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रीय कार्यप्रकल्प १९९० मध्ये मुंबईत सुरू झाला. गुन्हेगारी न्यायव्यवस्थेत सापडलेल्या व्यक्तींबरोबर, विशेषतः महिला व तरुणांबरोबर, प्रशिक्षित समाजकार्यकर्ते काम करतात. कारागृहातील मुलाखत, वकिलाशी संपर्क, घरी निरोप, मुलांची चौकशी आणि सुटकेनंतर निवारा व काम अशी ही साखळी आहे. सुटलेल्या व्यक्तींना स्वयंसेवी संस्थांमध्ये विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून ठेवण्याची त्यांची पद्धत नेतृत्व प्रशिक्षणाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तिथे व्यक्तीला कामाच्या वेळा, वरिष्ठांशी बोलणे, पगाराचे नियोजन या गोष्टी प्रत्यक्ष कामातून कळतात आणि तिची पूर्वकथा माहीत असूनही तिला सहकारी मानणारी माणसे भेटतात. मात्र हे काम मुख्यतः मोठ्या शहरांभोवती आहे. शहरात शिकलेली महिला तालुक्यात परतली की तो आधार मागे राहतो.

जामिनाचे पैसे नसल्यामुळे आत राहणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये गरीब बंदी साहाय्य योजनेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्या तत्त्वांनुसार न्यायाधीन बंद्याला चाळीस हजार, तर दंड न भरल्याने अडकलेल्या सिद्धदोष बंद्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत साहाय्य देता येत होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास व तिच्यावर अन्य खटले प्रलंबित नसल्यास तिला बंधपत्रावर मुक्त करण्याची तरतूद आहे. या दोन्ही गोष्टींचे ज्ञान असलेली एक महिला वस्तीत असणे हे अनेकींच्या सुटकेचे निमित्त होऊ शकते.

## अन्य देशांतील उदाहरणे

तुरुंगातून आलेल्या महिलांनी स्वतः संस्था उभारल्याची उदाहरणे इंग्लंड, अमेरिका व केनियात आहेत. इंग्लंडमध्ये पूर्वी कारावास भोगलेल्या क्रिस चायकोव्हस्की यांनी १९८३ मध्ये ‘विमेन इन प्रिझन’ ही संस्था काढली. त्याच देशात बॅरोनेस जीन कॉर्स्टन यांच्या २००७ च्या अहवालाने महिलांसाठी मोठ्या तुरुंगांऐवजी स्थानिक केंद्रांचा आग्रह धरला. लॉस एंजेलिसमध्ये सुसान बर्टन यांनी १९९८ मध्ये स्वतः राहत असलेल्या घरापासून सुटलेल्या महिलांसाठी निवासाची सुरुवात केली. पुढे ‘अ न्यू वे ऑफ लाइफ’ या नावाने ती वाढली. केनियात तेरेसा न्जोरोगे यांनी स्वतःच्या कारावासानंतर ‘क्लीन स्टार्ट’ ही संस्था सुरू केली. या तिघींची सुरुवात एका लहान गोष्टीपासून झाली : दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईला घेऊन जाणारे कोणीतरी असणे.

## मतभेद

या प्रकारच्या प्रशिक्षणाविषयी काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप गुन्ह्याने पीडित झालेल्या कुटुंबांचा असतो. ज्या गावात गुन्हा घडला त्याच गावात आरोपी महिलेला व्यासपीठ मिळणे त्यांना सहन होत नाही, आणि हा आक्षेप केवळ मागासलेपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. अशा वेळी काही काळ दुसऱ्या गावातील गटात काम करणे हा मधला मार्ग असतो. दुसरा आक्षेप संस्थांवर आहे. देणगीदारांसमोर महिलेला तिची कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावली जाते. टाळ्या मिळतात, पण गावी परतल्यावर त्याच कहाणीची चित्रफीत शेजाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचलेली असते. नाव व चेहरा न दाखवण्याची लेखी हमी ही म्हणून प्रशिक्षणाची पूर्वअट मानली जाते.

यश कशाने मोजावे, यावरही एकमत नाही. पुन्हा गुन्हा न घडणे हे शासनाचे नेहमीचे मोजमाप आहे, परंतु महिलांमध्ये, त्यातही प्रथमच आरोपी झालेल्यांमध्ये, त्यावरून फारसे काही कळत नाही. अनेकींच्या हातून पुन्हा गुन्हा घडत नाही तसेच दुसरेही काही घडत नाही. त्या घराच्या मागच्या दाराने ये-जा करतात आणि हळदी-कुंकवाला बोलावणे येत नाही. क्षेत्रकार्य करणारे कार्यकर्ते त्यामुळे साध्या खुणा पाहतात : गटाच्या वहीत तिची सही आहे का, शाळेच्या पालकसभेला कोण गेले होते, रेशनच्या दुकानात ती रांगेत स्वतः उभी राहते की लेकराला पाठवते.

सरकारी सेवा व अनेक मानधनाच्या कामांसाठी लागणारी चारित्र्य पडताळणी हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. प्रलंबित खटल्याची नोंदही त्यात येत असल्याने, निकालास वर्षे लागणाऱ्या प्रकरणांत निर्दोष सुटू शकणारी महिलाही तोवर त्या कामांपासून दूर राहते. मोठ्या गुन्ह्यांचे खटले तालुक्याबाहेरच्या सत्र न्यायालयात चालतात. तारखेच्या दिवशी तिची मजुरी बुडते आणि गटाची बैठक त्याच वारी असेल तर तीही. काही गटांनी यावर बैठकीचा वार बदलला.